कार्डावर पाच नावं होती

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी न्याहारीच्या वेळेला, रिह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या गावच्या चावडीत. ती चौदा वर्षांची होती आणि सातवीची फायनल परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. चावडीत ती नव्हतीच. त्या वेळी ती घरी ओसरी सारवत होती. तिकडे तिचा निकाल लागला आणि शेणात बरबटलेल्या हातांनी तिनं तो घरी ऐकून घेतला.

याला आठ वर्षं झाली. मी आता पुण्यात असते, पत्रकं लिहिते, सभांना जाते. गेल्या महिन्यात एका सभेत एक गृहस्थ तासभर बोलले. रेडिओ आणि सिनेमानं तरुण पिढी कशी नासवली, हा विषय. भरपूर टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई शेजारी बसवलेल्या आपल्या मुलीकडे बघून मान हलवत होत्या. मला उठून एवढंच विचारायचं होतं, की पोरं रेडिओ ऐकतात तेव्हा तुम्ही घरात कुठे असता? मी उठले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गावात रेडिओ आणला तो माझ्या वडिलांनीच. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, आम्हीही. ते पंचायतीत पंच होते. सरकारी योजनेतून गावाला संच मिळणार असं कळल्यावर तालुक्याला चार खेटे घालून त्यांनी तो मिळवला आणि गवतात गुंडाळून बैलगाडीतून आणला. चावडीच्या भिंतीत लाकडी पेटी बसवली, पेटीला कुलूप, किल्ली अण्णांच्या करदोट्याला. बाहेर खांबावर कर्णा टांगला. कर्ण्याचं तोंड त्यांनी मुद्दाम विहिरीकडे केलं, कारण बायका चावडीत येणार नाहीत आणि त्यांनाही चार शब्द कानावर पडले पाहिजेत. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते आहे. माणूस मागासलेला नव्हता.

अण्णा स्वतः बाजारभाव, हवामान आणि शेतीचं भाषण ऐकत. ते संपलं की उठत.

"गाणी लागत्याल आता. पोरास्नी ऐकू द्या," असं म्हणून रानात निघून जात. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही. आमच्याबरोबर कधी बसलेही नाहीत. गाण्यात काय असतं, बोलणारी बाई काय बोलते, पोरी त्यातलं काय उचलतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नाही. आईचं तेच. तिला भजन लागलं की बरं वाटायचं, बाकी सगळा तिच्या लेखी गलका.

आम्ही पुष्कळ उचललं. उगाच साळसूद कशाला होऊ? मी आणि माझ्या दोघी चुलत बहिणी, तिघी मिळून विहिरीवर एका घागरीला अर्धा तास लावत होतो. गाण्यातल्या बाईसारखं मान तिरपी करून बघत होतो आणि आमच्या चुलतीचा मार खात होतो. पण आक्कानं, माझ्या त्या बहिणीनं, दुसरंच उचललं. तिला बातम्या आवडायच्या. बातम्या देणाऱ्या माणसाचं बोलणं ती ऐकायची आणि संध्याकाळी गोठ्यात म्हशीला वैरण टाकता टाकता तसंच बोलायची. 'आहे', 'नाही', 'येत आहेत', 'म्हणाले'. आमच्या घरात 'आहे' असं कोणी म्हणत नव्हतं. मी दाराआडून हसायचे.

"म्हशीला कळतंय व्हय गं तुझं शुद्ध?"

"तुझ्यापेक्षा बरं कळतंय," ती म्हणायची. "ती मधी बोलत न्हाई."

घोटावड्याच्या शाळेत सातवीत ती पहिली होती. सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला तेव्हा मास्तरीण होता यायचं. आमच्या खोऱ्यातली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. गुरुजी म्हणत, ही पोचणार. आक्काला दुसरं काही नको होतं. साडी कुठली नेसायची आणि शाळेत पोरांना पहिल्या दिवशी काय सांगायचं, हेसुद्धा तिचं ठरलेलं होतं.

वर्गात दुसरा नंबर होता धनगराच्या मुलाचा. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ आणि दोन झोपड्या, ओढ्यापलीकडे होता. भात निघालं की त्यांची मेंढरं आमच्या खाचरांत बसायची, आणि त्या लेंडीखतावर पुढच्या सालचा आमचा आंबेमोहर यायचा. म्हणजे आमचं पोट त्यांच्या मेंढरांवर होतं, पण त्यांना बसायला आमच्या ओसरीची पायरीच मिळायची. तो मुलगा आमच्याबरोबर शाळेत चालत यायचा. गणितात तो आक्काला अडवायचा आणि मराठीत ती त्याला. रस्ताभर दोघांचं तेवढंच चालायचं.

रविवारी सकाळी फर्माइशी गाणी लागायची. लोक कार्डं पाठवतात आणि बाई त्यांची नावं वाचून दाखवते, हे कळल्यापासून आम्हाला चैन नव्हतं. आमचं नाव डोंगराच्या पलीकडे जाईल, अनोळखी माणसं ते ऐकतील. गाणं कुठलं का असेना. त्या मुलानं घोटावड्याच्या टपालातून एक कार्ड आणलं. पाच जणांत एकच कार्ड, त्या वेळी सगळे तसंच करायचे. एका कार्डावर दहा-दहा नावं घालायचे. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मी पाचवीत होते.

आता ती चूक, आणि ती माझी आहे. नावं कुठल्या क्रमानं लिहायची, असा प्रश्न आला. शाळेत निकालाच्या दिवशी गुरुजी नंबरानं नावं वाचत. मला तोच एक क्रम माहीत होता. म्हणून पहिलं आक्काचं, दुसरं त्या मुलाचं, मग दोघी चुलत बहिणींची, आणि सगळ्यांत शेवटी माझं. आक्कानं कार्ड वाचलं, एका नावाचा ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि "टाक पेटीत" म्हणाली. घरी विचारायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. कोणती गोष्ट विचारायची आणि कोणती नाही, हे आम्हाला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

चार रविवार गेले. पाचव्याला आम्ही तिघी नेहमीसारख्या विहिरीवर होतो. आक्का परीक्षेच्या अभ्यासामुळे यायची बंद झाली होती. सारवून झालं की ती भूगोल घेऊन बसणार होती. कर्ण्यातून बाई म्हणाली की यानंतरची फर्माइश मुळशी तालुक्यातून आली आहे. तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं. मग आक्काचं नाव घेतलं, आडनावासकट. मग त्या मुलाचं. आणि मग म्हणाली, "आणि त्यांचा मित्रपरिवार."

त्या बाईला वेळ कमी असेल. तिच्यापुढे कार्डांची चळत असेल. तिचा राग मला आजही करता येत नाही.

मी घागर तिथंच टाकून चावडीकडे पळाले. मला वाटलं, अण्णा खूश झाले असतील. त्या दिवशी पंचायतीची काही बैठक होती, म्हणून गाणी लागल्यावरही ते आत बसलेले होते. नाहीतर ते रानात असते. मी दाराशी पोचले तेव्हा आतले सगळे अण्णांकडे बघत होते. मग माझे एक चुलते, आमच्याच भावकीतले, तंबाखू मळत म्हणाले, "अण्णा, सोयरीक जमवलीत आन् आमाला आवतान न्हाई?"

"आवतान कशाला?" दुसरा म्हणाला. "दिलं की आत्ता. समद्या मुलखाला दिलं."

"पर मला एक सांगा, धनगराच्यात द्यायची म्हंजी मेंढरं आपुन द्यायची का त्येंनी?"

हसणं फुटलं. वाईट हेतूनं हसले असंही नाही. रोज ज्या तोंडानं हसत त्याच तोंडानं हसले. अण्णा उठले, बटण फिरवलं, पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं. गाण्याची पहिली ओळसुद्धा पुरी झाली नव्हती. आम्ही मागितलेलं गाणं आम्ही ऐकलंच नाही.

ते घराकडे निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग. वाटेत बोलायला हवं होतं. चारशे पावलांची वाट होती आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. घरी आक्का ओसरीवर उकिडवी बसून सारवत होती. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले.

"रेडूला कार्ड तू धाडलं?"

आक्कानं वर बघितलं. त्यांच्याकडे, आणि मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. माझं काय झालं होतं ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"व्हय," ती म्हणाली.

"त्यात त्या पोराचं नाव व्हतं?"

"व्हतं. पर अण्णा..."

"बास."

त्यांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, दुसऱ्या दिवशी राग उतरला असता. ते आत गेले, तिचं दप्तर घेतलं, धोतराच्या जुन्या फडक्यात सगळी पुस्तकं बांधली आणि शिडी लावून माळ्यावर टाकली. शिडी काढून गोठ्यात नेली. आक्कानं राहिलेली ओसरी सारवून पुरी केली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं शाळेसाठी मला उठवलं, तिला नाही.

मंगळवारी गुरुजी घोटावड्याहून चालत आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. "अण्णा, मुलगी तालुक्यात पहिली येईल. दोन महिने कळ काढा. परीक्षेला मी स्वतः घेऊन जातो, स्वतः आणून सोडतो."

अण्णा म्हणाले, "गुर्जी, तुमी लिवायला शिकवलं म्हून कार्ड ग्येलं."

"कार्डात वाईट काय होतं?"

"त्ये मी कुटं म्हनलं."

गुरुजींना याचा अर्थ लागला नाही. मलाही त्या दिवशी लागला नाही. ते चहाची बशी पालथी घालून उठले आणि जाताना त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

त्याच दिवशी ओढ्यापलीकडचा वाडा उठला. त्या मुलाला आमच्या भावकीतल्या पोरांनी शाळेच्या वाटेवर गाठून मारलं होतं. कोणी मारलं ते मला माहीत आहे, त्यातले दोघे आज पंचायतीत आहेत. त्याच्या बापानं भांडण केलं नाही, चौकशी केली नाही, मेंढरं हाकली आणि कुटुंबासकट खोरं सोडलं. त्या मुलाचीही परीक्षा होती हे मी सांगते तेव्हा ऐकणारे जरा दचकतात. त्यांना तोवर तो फक्त दुसरं नाव वाटत असतो. पुढच्या साली आमच्या खाचरांत मेंढरं बसली नाहीत आणि भात खुरटं आलं. अण्णांनी दोष पावसाला दिला.

बुधवारी माझ्यानं राहवेना. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आये, कार्ड मी लिवलं. त्यात पाच नावं व्हती. माजं बी व्हतं. त्या बाईनं दोनच वाचली."

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग तिनं ती उलटली आणि अण्णांना हाक मारली. मला वाटलं, सुटली आक्का. आत्ता शिडी येईल. मी सगळं पुन्हा सांगितलं, नंबरांचा क्रमही सांगितला. अण्णा उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हाईत हाय? मग?"

"तुज्या पोरीनं कायबी क्येलं न्हाई, त्ये मला कळतंय. मित्रपरिवार म्हनली ती बाई, मला काय कान न्हाईत? पर गावानं पाच ऐकली न्हाईत. दोन ऐकली. घरोघरी जाऊन बाकीची तीन सांगत फिरू का मी?"

"फिरा की," आई म्हणाली.

तिनं ते हळू म्हटलं, आणि पुन्हा कधी म्हटलं नाही. आयुष्यात तिनं त्यांच्याविरुद्ध उच्चारलेला तेवढाच एक शब्द मला आठवतो. अण्णा उंबऱ्यावरून मागे फिरले. आक्का मागल्या दारी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या बापाला ती निर्दोष आहे हे ठाऊक आहे, आणि तरी दप्तर माळ्यावरच राहणार आहे, हे तिला त्या क्षणी कळलं.

चैत्रात परीक्षा झाली. त्या दिवशी आक्का अंगणात कुरडया घालत होती. मधूनच उन्हाकडे बघून म्हणाली, "आता गणिताचा पेपर सुटला आसंल." वैशाखात तिचं लग्न झालं, हिंजवडीच्या पलीकडच्या एका घरात. नवऱ्याचं वय विचारू नका. गावात रेडिओ पंधरा दिवसांनीच पुन्हा सुरू झाला होता, बाजारभावासाठी. फक्त रविवारी सकाळी अण्णा पेटी उघडत नसत. सगळे म्हणत, रेडूनं एक पोरगी वाया घालवली, बाकीच्या वाचल्या.

मला अण्णांनी आत्याकडे पुण्याला धाडलं. गावात नको म्हणाले. पुण्यात चाळीत दर दोन खोल्यांआड रेडिओ होता. पण तिथं आमचं आडनाव कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं. म्हणजे मी शिकले ती आक्काच्या जिवावर. एका छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता पत्रकं लिहायला लागले, आणि आता माझं नाव छापून येतं. मीच शेवटी लिहिलेलं ते नाव.

सभेतल्या त्या गृहस्थांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, रेडिओमुळेच झालं. नाही. रेडिओनं माझ्या बहिणीला 'आहे' म्हणायला शिकवलं. रेडिओनं आम्हाला खोट्या लकबीही शिकवल्या, वेड लावलं, कामातून उठवलं, तेही खरं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आम्हाला सांगायला एक मोठं माणूस शेजारी बसायला हवं होतं. आमच्या बापानं कुलूप आणि किल्ली सांभाळली. त्यालाच तो लक्ष देणं समजत होता. एखाद्या रविवारी तो आमच्यात बसला असता तर ते कार्ड त्यानंच वाचलं असतं, वर स्वतःचं नाव घालायला सांगितलं असतं, आणि चावडीत छाती काढून म्हणाला असता, माझ्या पोरांचं कार्ड आहे. त्या हसणाऱ्या माणसांना एवढं उत्तर पुरलं असतं. तो बसला नव्हता, म्हणून त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं पोरगी दिली.

यंदा भात झोडणीच्या वेळी मी आक्काकडे गेले होते. ती आता बावीस वर्षांची आहे आणि दिसते चाळिशीची. तिच्या नवऱ्यानं ट्रान्झिस्टर घेतला आहे. तिची सहा वर्षांची मुलगी खळ्याच्या कडेला बसून रेडिओवरची जाहिरात बोलून दाखवत होती, बाईच्या आवाजात, ठसक्यात, एकही शब्द न चुकता. मला हसू आलं. आक्का खळ्यातून उठून आली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली.

"गप. शेजारी ऐकत्याल."

पोरगी रडली नाही. आपलं काय चुकलं हे ती आईच्या तोंडाकडे बघून शोधत होती. आक्काही स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही, या खेपेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथून गावी गेले. गोठ्यातली शिडी आणली, माळ्यावर चढले. फडक्याची गाठ उंदरांनी कुरतडली होती, भूगोल पार खाल्ला होता. अण्णा खाली ओसरीवर बसले होते. त्यांनी मला वर जाताना पाहिलं आणि गाठोडं घेऊन उतरतानाही पाहिलं. "कुटं न्हेतीस त्ये?" म्हणाले. मी म्हटलं, "जिचं हाय तिला द्यायला."

मी आक्काकडे परत गेले तेव्हा तिनं गाठोडं सोडलं नाही. वरूनच चाचपलं. "गनिताचं हाय का गं त्यात?"

"हाय. निम्मं."

"निम्म्यानं काय हुतंय," ती म्हणाली, पण तिनं ते गाठोडं धान्याच्या कणगीवर, पोरीचा हात पोचेल असं ठेवलं.

आता तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरी रेडिओ असेल, नसेल तर या दिवाळीपर्यंत येईल. तंबूचा सिनेमा तुमच्या गावालाही येत असेल. तुमची पोरं काय ऐकतात ते मला सांगू नका, तुम्ही त्यांच्याबरोबर काय ऐकलंत ते सांगा. पुढच्या रविवारी रान अर्धा तास उशिरा गाठा आणि त्यांच्यात बसा. काय आवडलं, का आवडलं, ते विचारा. कार्ड पाठवायचं असेल तर त्यावर आधी तुमचं नाव लिहा. आणि तुमच्यापैकी ज्यांनी गावाच्या हसण्याला भिऊन एखाद्या मुलीचं दप्तर वर टाकलं आहे, तिचं काही चुकलं नाही हे पुरतं ठाऊक असून टाकलं आहे, त्यांनी हा कागद खाली ठेवावा, आज, आत्ता, शिडी लावावी आणि ते दप्तर खाली काढून तिच्या हातात द्यावं.